फोटो एडिटिंगचं पुस्तक घेताय? बटणं बदलतात, समज टिकते

तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातल्या फोटोग्राफरांना दम खायला वेळ नसतो. सकाळी हळद, दुपारी अक्षता, संध्याकाळी रिसेप्शन. एका लग्नात हजार-दोन हजार फोटो सहज निघतात. कार्डं रिकामी करेपर्यंत दुसऱ्या लग्नाची सुपारी दारात उभी. आणि पंधरा दिवसांत नवऱ्या मुलीच्या भावाचा फोन सुरू होतो, "दादा, अल्बम कुठवर आला?"

कॅमेरा हप्त्यावर घेता येतो, लेन्स भाड्याने मिळते. अडतं ते पुढे, कॉम्प्युटरसमोर. मग कुणीतरी सुचवतं, एखादं चांगलं पुस्तक घे. तरुण फोटोग्राफर ऑनलाइन शोधतो, मुखपृष्ठावर 'लाइटरूम' असं मोठं नाव दिसतं, ऑर्डर देतो. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, आयात केलेलं पुस्तक घरी येतं. उघडून पाहतो तर पुस्तकातली चित्रं एक आणि त्याच्या पडद्यावर दिसतं ते दुसरंच. पुस्तकात सांगितलेलं बटण सापडत नाही. दोन दिवस खटपट होते आणि पुस्तक कपाटावर जातं. सीझनची पहिली कमाई अशी धूळ खात बसते.

चूक त्याच्या समजण्यात नसते, पुस्तक वाईट असतं असंही नाही. पुस्तक आणि सॉफ्टवेअर यांची जोडी जुळलेली नसते, इतकंच. ही जोडी कशी जुळवायची हे पैसे देण्याआधी कळलं, तर तेच पुस्तक चार-पाच वर्षं पोटापाण्याला उपयोगी पडतं.

नाव एक, सॉफ्टवेअर दोन

सगळ्यात जास्त फसगत होते ती नावात. अ‍ॅडोबी कंपनीचं लाइटरूम 2007 मध्ये बाजारात आलं. दहा वर्षं ते एकच सॉफ्टवेअर होतं. ऑक्टोबर 2017 मध्ये कंपनीने त्याच्या दोन शाखा केल्या. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर फोटो ठेवून काम करणाऱ्या जुन्या शाखेला 'लाइटरूम क्लासिक' म्हटलं गेलं. इंटरनेटवरच्या साठ्यात फोटो ठेवून मोबाइल, टॅब आणि कॉम्प्युटर तिन्हीकडे चालणाऱ्या नव्या शाखेकडे 'लाइटरूम' हे मूळ नाव गेलं. म्हणजे धाकट्याला थोरल्याचं नाव आणि थोरल्याला नवं आडनाव, असा प्रकार झाला.

फोटोचा रंग आणि उजेड सुधारण्याचे स्लायडर दोघांतही बरेचसे सारखे आहेत. पण फोटो आत कसे घ्यायचे, कुठे साठवायचे, कसे शोधायचे, प्रिंटला कसे पाठवायचे, हे सगळं वेगळं आहे. लग्नाचं काम करणारे बहुतेक फोटोग्राफर क्लासिक वापरतात, कारण हजारो मोठ्या फाइली इंटरनेटवर चढवणं खेड्यापाड्यातल्या नेटवर्कला झेपत नाही. त्यांनी नुसत्या 'लाइटरूम'चं पुस्तक आणलं तर अर्धं पुस्तक त्यांच्या कामाचं नसतं. म्हणून मुखपृष्ठावर 'क्लासिक' हा शब्द आहे का, हे आधी बघावं. 2017 च्या आधीच्या पुस्तकांवर हा शब्द नसणारच. ती पुस्तकं आजच्या क्लासिकच्या पूर्वजाची आहेत.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. फोटोशॉप 1990 मध्ये आलं. पुढे वीस-बावीस वर्षं त्याची आवृत्ती आली की ती विकत घ्यायची आणि वापरत राहायचं, अशी पद्धत होती. त्या काळात पुस्तकाचं गणित सोपं होतं, सीएस 6 वापरणाऱ्याने सीएस 6 चं पुस्तक घ्यायचं. मे 2013 मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केलं की यापुढे नवीन फोटोशॉप महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यानेच मिळेल. तेव्हापासून सॉफ्टवेअर वर्षातून अनेक वेळा आपोआप बदलतं. पुस्तक मात्र छापलं की छापलं. छापखान्यातून दुकानात आणि दुकानातून घरी येईपर्यंत त्यातलं एखादं बटण सरकलेलं असू शकतं.

पुस्तकाचं वय मुखपृष्ठावरून कळत नाही. ते आतल्या पानावर, प्रकाशनाची माहिती छापलेली असते तिथे कळतं. जुनं पुस्तक नव्या वेष्टनात विकायला असलं तरी तिथलं साल लपत नाही. ऑनलाइन घेताना हे पान दिसत असेल तर आधी तेच उघडावं.

काय जुनं होतं, काय जुनं होत नाही

मग जुनं पुस्तक घ्यायचंच नाही का? तसंही नाही. एक उदाहरण पाहिलं की फरक स्पष्ट होतो.

2012 मध्ये लाइटरूमची चौथी आवृत्ती आली आणि उजेड सुधारण्याचे मुख्य स्लायडरच बदलले. आधी 'रिकव्हरी', 'फिल लाइट', 'ब्राइटनेस' असे स्लायडर होते. ते गेले आणि 'हायलाइट्स', 'शॅडोज', 'व्हाइट्स' आले. त्याआधीच्या पुस्तकात 'फिल लाइट थोडा वाढवा' असं लिहिलेलं असेल तर आज तो स्लायडर शोधूनही सापडणार नाही. पण मांडवाच्या सावलीत उभ्या असलेल्या वरमाईचा चेहरा काळवंडला आहे आणि मागचं ऊन पांढरं फटक झालं आहे, अशा वेळी आधी ऊन आवरायचं की आधी चेहरा उजळायचा, कुठे थांबायचं, हे त्या पुस्तकाने नीट समजावलं असेल तर ते ज्ञान आजही तसंच लागू पडतं. फक्त स्लायडरची नावं बदलून वाचायची.

ऑक्टोबर 2021 मध्ये क्लासिकमध्ये मास्क करण्याची पद्धत पूर्ण बदलली. माणूस किंवा आकाश सॉफ्टवेअर स्वतः ओळखून वेगळं करू लागलं. एप्रिल 2023 मध्ये अंधाऱ्या हॉलमधल्या फोटोंचे दाणे कमी करण्याची नवी सोय आली. त्याच वर्षी फोटोशॉपमध्ये शब्द लिहून चित्राचा भाग तयार करण्याची सोय आली. या तीन गोष्टी शिकायच्या असतील तर 2021 च्या आधीचं पुस्तक उपयोगाचं नाही.

उलट लेअर ही कल्पना फोटोशॉपमध्ये 1994 मध्ये आली. कर्व्ह, हिस्टोग्राम, व्हाइट बॅलन्स, रंगांचे प्रोफाइल या गोष्टी वीस वर्षांपूर्वी जशा होत्या तशाच मुळाशी आजही आहेत. म्हणून ढोबळ हिशोब असा धरावा: बटणं शिकवणारं पुस्तक दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं नको आणि कारणं समजावणारं पुस्तक दहा वर्षं जुनं असलं तरी चालेल. रविवारच्या जुन्या बाजारात मिळालेलं दुसऱ्या प्रकारचं पुस्तक ही लॉटरीच समजावी.

आजही काही स्टुडिओंत जुन्या कॉम्प्युटरवर जुनी फोटोशॉप आवृत्ती चालते. तिथे एक अडचण हमखास येते. नवा कॅमेरा घेतला की त्याची रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरला उघडता येत नाही. फोटोग्राफरला वाटतं कार्ड खराब झालं किंवा कॅमेऱ्यातच दोष आहे. खरं कारण एवढंच असतं, की त्या आवृत्तीने हा कॅमेरा कधी पाहिलेलाच नाही. कॅमेरा रॉ असलेल्या जुन्या आवृत्तीसाठी अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतो. तो रॉ फाइलचं रूप बदलून देतो आणि बऱ्याच वेळा काम निभावतं. चांगल्या मार्गदर्शक पुस्तकात रॉ फाइलच्या प्रकरणात ही गोष्ट असतेच.

आधी काम, मग पुस्तक

दुकानात जाण्याआधी फोटोग्राफरने स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे. रोजचा वेळ नेमका कुठे जातो?

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा वेळ निवडण्यात आणि शेकडो फोटोंचा रंग एकसारखा करण्यात जातो. त्याला लाइटरूम क्लासिक किंवा तशाच सॉफ्टवेअरचं पुस्तक हवं. त्यात फोटो निवडणं, एका फोटोची सुधारणा इतरांना लावणं आणि एका दमात सगळे बाहेर काढणं यांना भरपूर पानं दिलेली असावीत.

स्टुडिओत पासपोर्ट फोटो, जुन्या फाटक्या फोटोंची दुरुस्ती, स्वर्गवासी आजोबांचा फोटो मोठा करून फ्रेम करून देणं, अशी कामं करणाऱ्याला फोटोशॉपच लागतं. त्याचं पुस्तक लेअर, मास्क आणि टचिंगभोवती फिरणारं असावं. पूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने टचिंग करणारे कारागीर असत. त्यांच्या हाताला जी शिस्त होती, तीच या पुस्तकांतून नव्या साधनांसह शिकायची असते.

आंबोलीचं जंगल, गोव्याचे किनारे किंवा दूधसागरचा धबधबा टिपणाऱ्या हौशी फोटोग्राफराला रॉ फाइल आणि प्रिंट यांवरचं पुस्तक जास्त उपयोगी. त्याला शंभर फोटो झटपट करायचे नसतात, एकच मनासारखा करायचा असतो.

एकाच पुस्तकात हे तिन्ही शोधायला गेलं की हाती येतो हजार पानांचा ठोकळा, आणि तो शेवटपर्यंत वाचून होत नाही.

तीन तऱ्हांची पुस्तकं

बाजारात इंग्रजीतली जी पुस्तकं सहज दिसतात त्यांच्या साधारण तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा 'हे करा, मग ते करा' अशी. अमेरिकन लेखक स्कॉट केल्बी यांची 'डिजिटल फोटोग्राफरांसाठी' म्हणून लिहिलेली फोटोशॉप आणि लाइटरूमवरची पुस्तकं या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली. एक काम, त्याच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीसोबत पडद्याचं चित्र. भाषा बोलकी, मध्येमध्ये विनोद. इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही चित्रं बघत पुढे जाता येतं. घाईत काम उरकायचं असेल तर ही तऱ्हा बरी. पण पायरी का घ्यायची, याचं उत्तर दर वेळी मिळेलच असं नाही. शिवाय प्रकरणांची नावं सिनेमा आणि गाण्यांवरून घेतलेली असतात, त्यामुळे नुसती अनुक्रमणिका वाचून नीट बोध होत नाही. आतली पानं चाळावीच लागतात.

दुसरी तऱ्हा वर्गातल्या धड्यांची. अ‍ॅडोबी प्रेसची 'क्लासरूम इन अ बुक' ही मालिका अशी आहे. एकामागून एक धडे, प्रत्येक धड्याच्या सरावासाठी लागणाऱ्या फाइली डाउनलोड करायच्या, शेवटी प्रश्न. घरी बसून शिस्तीने शिकणाऱ्याला आणि शिकवणी घेणाऱ्याला ही मालिका सोयीची. धडा मध्येच सोडून भलत्याच पानावर उडी मारणाऱ्याला मात्र ती जड जाते. जुनी प्रत घेताना सोबतची सीडी आहे का, की फाइली इंटरनेटवरून घ्यायच्या आहेत आणि त्या आजही मिळतात का, हे तपासून घ्यावं.

तिसरी तऱ्हा मुळातून समजावणाऱ्यांची. जेफ श्यू यांचं 2012 मध्ये आलेलं 'द डिजिटल निगेटिव्ह' रॉ फाइलवर आहे आणि त्यापाठोपाठ आलेलं 'द डिजिटल प्रिंट' छपाईवर. मार्टिन इव्हनिंग यांची फोटोग्राफरांसाठीची फोटोशॉपवरची जाडजूड पुस्तकं आणि कॅट्रिन आइसमन यांचं जुने फोटो दुरुस्त करण्यावरचं पुस्तक याच तऱ्हेतली. ही सावकाश वाचायची पुस्तकं आहेत. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून जातं. हाताखालून दोन-चार हजार फोटो गेल्यावर तीच पानं पुन्हा वाचली की उलगडा होतो.

पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर नवशिक्याने पहिल्या किंवा दुसऱ्या तऱ्हेचं ताजं पुस्तक घ्यावं. दोन-तीन सीझन झालेल्याने तिसऱ्या तऱ्हेचं घ्यावं, जुनं मिळालं तरी चालेल.

अलीकडे चौथीही एक तऱ्हा दिसू लागली आहे. नावात चालू साल, लेखकाचं नाव कधी न ऐकलेलं, प्रकाशकाचा पत्ता नाही, आत चित्रं जवळजवळ नाहीत. फोटो सुधारण्याच्या पुस्तकात आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी नसेल तर ते पुस्तक कशासाठी? असं पुस्तक कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये.

फुकटातल्या सॉफ्टवेअरचं पुस्तक

महिन्याचं भाडं परवडत नाही म्हणून चोरीची प्रत वापरणारे कमी नाहीत. त्यांच्यासमोर सरळ मार्गही आहे. जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये सुरू केलं. फोटोशॉपची बरीच कामं त्यात होतात. रॉ फाइलसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत. त्यांच्या वापरपुस्तिका इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात आणि सॉफ्टवेअर बदलेल तशा त्याही बदलत जातात. म्हणून इथे छापील पुस्तकावर खर्च करण्याआधी पुस्तिका चाळलेली बरी.

आवृत्तीचा नियम मात्र इथेही सुटत नाही. मार्च 2025 मध्ये जिम्पची तिसरी आवृत्ती आली. आधी एखादा फिल्टर लावला की तो लेअरमध्ये कायमचा मिसळून जायचा. आता तो नंतर बदलता किंवा काढता येतो. जिम्पचं जुनं पुस्तक वाचणारा ही सगळ्यात मोठी सोय शिकणारच नाही.

दुकानात उभं राहून घ्यायची परीक्षा

पुस्तक चांगलं की वाईट हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्या कामातल्या पाच अडचणी घेऊन जावं आणि पुस्तकात त्यांची उत्तरं आहेत का ते पाहावं.

पहिली अडचण हळदीची. सगळीकडे पिवळं असलं की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो आणि चित्र निळ्याकडे ढकलतो. हळद फिकी पडते, चेहरा राखेसारखा दिसतो. पुस्तकात व्हाइट बॅलन्सच्या प्रकरणात 'चित्रातली एक पांढरी किंवा राखाडी वस्तू घ्या आणि तिथले लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे करा' असं समजावलं आहे का? भटजींचं पांढरं धोतर त्या कामाला येतं. 'डोळ्यांना बरं दिसेपर्यंत स्लायडर हलवा' एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक खाली ठेवावं.

दुसरी अडचण कातडीच्या रंगाची. बरीचशी पुस्तकं अमेरिकेत किंवा युरोपात लिहिली जातात आणि नमुन्याचे चेहरे गोरे असतात. सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांना त्यातले आकडे जसेच्या तसे लावले की माणूस लालसर किंवा पिठूळ दिसतो. ज्या पुस्तकात वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे घेतले आहेत ते अधिक उपयोगी. चांगलं पुस्तक एक साधी खूण सांगतं: साध्या उजेडात कोणत्याही वर्णाच्या कातडीत लाल आकडा सगळ्यात मोठा, मग हिरवा, मग निळा. हा क्रम बिघडला असेल तर रंगात खोट आहे. माणसाला गोरं करणं म्हणजे फोटो सुधारणं नव्हे, हेही अशा पुस्तकातून कळतं. नवरी स्वतःच्या अल्बममध्ये स्वतःला ओळखू शकली पाहिजे.

तिसरी अडचण मूळ फोटोची. जेपीईजी फाइल उघडून बदल केले आणि त्याच नावाने सेव्ह केली की मूळ फोटो गेला. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. म्हणून रॉमधून सुधारायला जागा जास्त मिळते. पुस्तक पहिल्या काही प्रकरणांतच मूळ फाइल न बिघडवता काम करायला शिकवतं का, हे बघावं. ते शेवटच्या प्रकरणात ढकललं असेल तर वाचक तिथवर पोचेपर्यंत चार लग्नांचे मूळ फोटो गेलेले असतील.

चौथी अडचण साठवणीची, आणि खरा घात इथे होतो. लाइटरूम क्लासिक बंद करताना 'कॅटलॉगचा बॅकअप घ्यायचा का?' असं विचारतं. फोटोग्राफर 'हो' म्हणतो आणि निर्धास्त झोपतो. त्या बॅकअपमध्ये फोटो नसतातच. त्यात असते ती फोटो कुठे आहेत आणि त्यांवर काय केलं आहे याची वही. हार्ड डिस्क बंद पडली की वही हातात राहते, फोटो नसतात. कुणाच्या लग्नातले सप्तपदीचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्या घरात वर्षभरात एखादं थोरलं माणूस गेलं असेल तर त्या दिवसाचे फोटोच त्याची शेवटची आठवण असते. अशा वेळी फोटोग्राफरने आगाऊ रक्कम परत केली तरी त्याने काही भरून येत नाही. क्लासिकच्या ज्या पुस्तकात कॅटलॉग म्हणजे काय, फोटो वेगळ्या डिस्कवर कसे जपायचे आणि फोल्डर हलवताना सॉफ्टवेअरच्या आतूनच का हलवायचं, हे सुरुवातीला आणि ठासून सांगितलेलं नाही, ते पुस्तक लग्नाच्या फोटोग्राफरच्या कामाचं नाही. एवढं एक प्रकरण नीट असलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल होतात.

पाचवी अडचण अल्बमच्या मापाची. आपल्याकडे 12 बाय 36 इंचाचं उघडं पान सर्रास चालतं. इंचाला 300 पिक्सेल धरले तर त्याला 3,600 बाय 10,800, म्हणजे जवळजवळ 3 कोटी 89 लाख पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो साधारण 6,000 बाय 4,000 चा. तो एकच फोटो पूर्ण पानभर पसरला तर 6,000 बाय 2,000 एवढाच भाग कामी येतो. अर्धा फोटो कापला जातो आणि इंचाला जेमतेम 167 पिक्सेल उरतात. परदेशी पुस्तकात 12 बाय 36 चं नाव सापडणार नाही. पण आकार, पिक्सेल आणि प्रिंट यांचं हे त्रैराशिक त्यात समजावलेलं असलं पाहिजे, म्हणजे वाचक कोणत्याही मापाचा हिशोब स्वतः करू शकतो. त्याच प्रकरणात रंगांच्या प्रोफाइलची गोष्टही असावी. बहुतेक लॅबना एसआरजीबीमधली फाइल लागते. अ‍ॅडोबी आरजीबीमधली तशीच पाठवली तर शालूचा रंग विटका येऊ शकतो. मग लॅबवाला फोटोग्राफरकडे बोट दाखवतो आणि फोटोग्राफर लॅबवाल्याकडे.

भाषेचं काय?

सीमाभागात, इंदूर-ग्वाल्हेरकडे, बडोद्यात किंवा हैदराबादेत मराठी घरातला मुलगा शाळेत कधी मराठी, कधी कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगूत शिकलेला असतो. हातात येतं ते पुस्तक इंग्रजीत. नुसत्या या भीतीनेच अनेक जण मागे फिरतात.

मराठीतही फोटोशॉपची पुस्तकं मिळतात. घेण्याआधी एवढंच बघावं, की ती डीटीपी आणि जाहिरातीच्या कामासाठी लिहिली आहेत की फोटोग्राफरसाठी. पत्रिका आणि बॅनर शिकवणाऱ्या पुस्तकात अक्षरं, चौकटी, रंगीत पार्श्वभूमी यांवर भर असतो. रॉ फाइल आणि कातडीचा रंग त्यात क्वचितच सापडतो. नवख्याला सॉफ्टवेअरची ओळख व्हायला ते पुरेसं असतं, पुढचं मात्र दुसरीकडून घ्यावं लागतं. मराठी पुस्तकात मेनूंची नावं भाषांतर करून दिली असतील तरीही अडचण होते, कारण पडद्यावर ती इंग्रजीतच दिसतात. 'एक्स्पोजर'ला एक्स्पोजरच म्हणून त्याचा अर्थ मराठीत समजावणारं पुस्तक जास्त सोयीचं.

इंग्रजी पुस्तक घेतलंच तर सगळी भाषा यायची गरज नसते. अशा पुस्तकांत तेच तेच शब्द फिरून येतात. वहीच्या एका पानावर तीस-चाळीस शब्द आणि समोर त्यांचा मराठी अर्थ लिहून काढला की दोन प्रकरणांनंतर वही उघडावी लागत नाही. दोघांनी मिळून वाचलं तर आणखी बरं. एकाने पुस्तक वाचून सांगायचं, दुसऱ्याने कॉम्प्युटरवर करून पाहायचं. कन्नड माध्यमातला मित्र आणि मराठी माध्यमातला मित्र एकाच पडद्यासमोर बसून शिकतात, तेव्हा स्लायडर कुणाला भाषा विचारत नाही.

कुठे शोधायचं, किती खर्चायचं

आयात केलेलं पुस्तक महाग असतं, आणि ऑनलाइन घेतलं तर हातात घेऊन बघता येत नाही. त्यामुळे जिथे चाळायला मिळेल तिथे आधी चाळावं. बेळगाव-निपाणीकरांचं पुण्याला जाणं झालं तर अप्पा बळवंत चौक आहेच. हैदराबादेत कोठीची दुकानं आणि आबिड्सचा रविवारचा जुना बाजार, इंदुरात खजुरी बाजार, अशा ठिकाणी जुन्या प्रतींमध्ये तिसऱ्या तऱ्हेचं पुस्तक एखाद वेळी हाती लागतं.

ग्रंथालयांचाही विचार करावा. पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनची परंपरा सांगतं, बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीराव गायकवाडांच्या काळात 1910 मध्ये सुरू झालं. मोठ्या ग्रंथालयांत वाचकांनी पुस्तकाची मागणी नोंदवली तर ती विचारात घेतली जाते. गावातल्या वाचनालयात फोटोग्राफीवर मागणी करायला सहसा कुणी जातच नाही. चार फोटोग्राफरांनी मिळून नाव, लेखक आणि साल लिहून अर्ज दिला तर प्रयत्नाला पैसे पडत नाहीत.

तेही जमलं नाही तर वर्गणी काढावी. एकाच तालुक्यातले चार-पाच जण सीझनमध्ये एकमेकांचा कॅमेरा आणि लाइट वापरतात, तसं पुस्तकही वापरता येतं. एकाने बटणांचं ताजं पुस्तक घ्यावं, दुसऱ्याने मुळातून समजावणारं. पावसाळ्यात, कामं नसतात तेव्हा, पुस्तकांची अदलाबदल करावी. पुस्तकाची चोरीची पीडीएफ मोबाइलवर फिरत असते. ती छोट्या पडद्यावर धड वाचता येत नाही, चित्रं पुसट, आणि बहुतेक वेळा आवृत्तीही जुनी. दुसऱ्याने आपला फोटो न विचारता वापरला की ज्याला राग येतो, त्याने लेखकाच्या कष्टाचाही तेवढाच विचार करावा.

पुस्तक घरी आलं की ते पहिल्या पानापासून वाचत बसण्यापेक्षा मागच्या सीझनचे दहा बिघडलेले फोटो काढून त्यांच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. हळदीचा निळसर, हॉलमधला दाणेदार, मांडवाबाहेरच्या उन्हातला पांढरा फटक. एकेक फोटो घ्यायचा, पुस्तकात त्याचं उत्तर शोधायचं आणि करून पाहायचं. दहापैकी सहा-सात सुधारले तर पुस्तक योग्य निवडलं. दोनच सुधारले तर ते एखाद्या नवशिक्या मित्राला देऊन टाकावं आणि पुढच्या वेळी आतलं साल आणि सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव वाचूनच पैसे मोजावेत.